निळ्या पेटीच्या मागावर

लंडनला जाऊन आलेल्या माणसाला आपल्याकडे तीन प्रश्न हमखास विचारले जातात. राजवाडा पाहिलात का? मेणाचे पुतळे पाहिलेत का? आणि आपला कोहिनूर दिसला का? मला या तिन्ही प्रश्नांना 'नाही' असेच उत्तर द्यावे लागते; आणि मग विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर 'एवढा खर्च करून गेलात तरी कशाला?' असा भाव स्पष्ट उमटतो. खरी गोष्ट अशी की, माझ्या वाट्याला आलेल्या मोजक्या दिवसांपैकी एक अख्खा दिवस मी पश्चिम लंडनात एक पोलिसांची पेटी, एक पाडून टाकलेली इमारत, एक सदनिकांची वसाहत आणि एक गोदाम पाहण्यात घालवला. त्या दिवसाबद्दल मला तिळमात्र खंत नाही. राजवाडा काय, चित्रातही दिसतो.

या यात्रेतला माझा पंड्या म्हणजे माझा भाचा. १९८१ च्या उन्हाळ्यात आईवडिलांचे बोट धरून तो दादरहून लंडनला गेला तेव्हा सहा वर्षांचा होता. आता पन्नाशीला आला आहे, एका मोठ्या कचेरीत जबाबदारीच्या हुद्द्यावर आहे, डोक्यावरचे केस गेले आहेत. पण त्याच्या घरातली एक खोली मात्र अजून सहा वर्षांची आहे. त्या खोलीत जमिनीपासून छतापर्यंत फळ्या आहेत आणि त्यांवर 'डॉक्टर हू' या एकाच मालिकेच्या चित्रफिती, डीव्हीडी आणि ब्लू-रे तबकड्या दाटीवाटीने बसल्या आहेत. आमची सूनबाई मोठी समजूतदार. ती म्हणाली, "मामा, या घरात एक डॉक्टर आहे, पण तो औषध देत नाही, आजार देतो."

ही मालिका म्हणजे काय हे थोडक्यात सांगायला हवे. २३ नोव्हेंबर १९६३ च्या शनिवारी, चहाच्या वेळेला, बीबीसीने तिचा पहिला भाग दाखवला. आदल्याच दिवशी अमेरिकेत अध्यक्ष केनेडींचा खून झाला होता. त्या गडबडीत पुष्कळांचा पहिला भाग हुकला, म्हणून पुढच्या शनिवारी दुसऱ्या भागाच्या आधी तो पुन्हा दाखवण्यात आला. एक विक्षिप्त म्हातारा, त्याची नात, आणि तिच्या शाळेतले एक मास्तर व एक बाई अशी ही चौघांची मंडळी काळाच्या प्रवासाला निघते. त्यांचे यान बाहेरून पाहावे तर पोलिसांची निळी पेटी आणि आत पाऊल टाकावे तर भलेमोठे दालन! मुलांना इतिहास आणि विज्ञान गोडीगुलाबीने शिकवावे असा मूळचा हेतू होता. पण महिन्याभरातच 'डॅलेक' नावाचे, लोखंडी कवचात बसलेले दुष्ट प्राणी आले, आणि विलायतेतली यच्चयावत मुले कोचामागे लपून ही मालिका पाहू लागली. १९८९ पर्यंत ती चालली. २००५ मध्ये पुन्हा सुरू झाली. आमच्या भाच्याचा जीव अडकला आहे तो त्या जुन्या मालिकेत.

सकाळी आम्ही अर्ल्स कोर्ट स्टेशनाबाहेर पडलो तर समोरच ती निळी पेटी उभी! लंडनच्या रस्त्यांवर एके काळी अशा पेट्या खरोखरच होत्या. हवालदाराच्या खांद्यावर बिनतारी यंत्र आले नव्हते, त्या काळी पेटीतल्या टेलिफोनवरून तो ठाण्याशी बोले. नागरिकालाही तिथून पोलिसांना हाक मारता येई. पुढे गरज संपली आणि पेट्या गेल्या. अर्ल्स कोर्टची ही पेटी १९९० च्या दशकात नव्याने उभारलेली आहे. मी तिथे असताना जपानी दिसणारे एक जोडपे, शाळेच्या गणवेशातली चार मुले आणि एक वृद्ध गृहस्थ असे सगळे तिच्याशेजारी उभे राहून फोटो काढून घेत होते. पोलिसांना बोलावण्याची कोणालाही घाई नव्हती.

त्या पेटीला पाठ टेकून भाच्याने आपल्या तक्रारींचा श्रीगणेशा केला.

"मामा, १९८३ साली मालिकेला वीस वर्षे झाली. लाँगलीटच्या वाड्यात ईस्टरला मोठा सोहळा झाला. तिथे रसिकांना विचारले, तुमची कोणती कथा व्हिडिओवर आणू? लोकांनी सांगितले, 'टूम ऑफ द सायबरमेन'. १९६७ सालची. आणि मग कळले की ती कथा बीबीसीकडे नाहीच!"

"नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे नाही. पुसून टाकलेली."

तेव्हा बाजारात आली ती 'रिव्हेंज ऑफ द सायबरमेन' ही दुसरीच कथा. लग्नात जिलबीची पंगत म्हणून बसावे आणि पानात बुंदी पडावी, तसे झाले. किंमत जवळजवळ चाळीस पौंड. शिवाय चारही भाग एकाला एक जोडून त्याचा सलग चित्रपट केलेला. ज्या उत्कंठेवर आठवडाभर मुलांनी झोप घालवायची, त्या प्रत्येक भागाच्या शेवटाला कात्री! पुढच्या वर्षी 'ब्रेन ऑफ मॉर्बियस' आली. तिचेही चारच भाग, एकूण दीड तासाहून अधिक. फितीवर उरला जेमतेम एक तास. "आणि बाबांनी ती मला वाढदिवसाला घेऊन दिली होती," भाचा म्हणाला. "मी पाहिली, आणि बाबांना विचारले, मधला डॉक्टर कुठे गेला?"

तिथून आम्ही हॅमरस्मिथला गाडी बदलून गोल्डहॉक रोडला उतरलो. हा शेफर्ड्स बुश भागातला गजबजलेला रस्ता. कापडाची दुकाने, फळांच्या गाड्या, कबाबांचा वास. आपल्या भुलेश्वरातून नुकताच आलेला माणूसही इथे बिचकणार नाही. त्या रस्त्याला काटकोनात लाइम ग्रोव्ह नावाची साधी गल्ली आहे. तीत शिरून भाचा एका ठिकाणी थांबला आणि देवळात थांबावे तसा गप्प उभा राहिला. मी पाहिले तर विटांची नीटनेटकी घरे, खिडक्यांत पडदे, दाराशी लहान मुलाची सायकल.

इथे लाइम ग्रोव्ह स्टुडिओ होते. मुळात चित्रपटांसाठी बांधलेले. १९४९ मध्ये बीबीसीने घेतले, १९९१ मध्ये बंद केले आणि थोड्याच काळात ते जमीनदोस्त झाले. 'डॉक्टर हू'चा पहिला भाग इथल्याच एका अडचणीच्या, उकाड्याच्या स्टुडिओत चित्रित झाला. निर्मात्या होत्या व्हेरिटी लॅम्बर्ट. वय सत्तावीस, बीबीसीच्या नाट्यविभागातली त्या वेळची एकुलती एक स्त्री-निर्माती. आणि दिग्दर्शक? वारिस हुसेन! लखनौचा जन्म, वय चोविशीचे, प्रख्यात लेखिका अतिया हुसेन यांचे चिरंजीव. विलायतेतल्या मुलांच्या तीन पिढ्यांना वेड लावणाऱ्या या मालिकेची पहिली पाटी आपल्या देशात जन्मलेल्या एका तरुणाने लिहिली, हे ऐकून माझा ऊर उगीचच भरून आला.

"याच वारिस हुसेननी १९६४ मध्ये 'मार्को पोलो' केली," भाचा म्हणाला. "सात भाग. कुबलाईखानाचा दरबार, पामीरचे पठार, सगळे एवढ्याशा स्टुडिओत उभे केले होते. फोटो आहेत, संपूर्ण संवाद ध्वनिफितीवर आहेत. चित्र? एकाही भागाचे नाही."

हे असे का झाले, त्याची कथा ऐकण्यासारखी आहे. त्या काळची चित्रफीत दोन इंच रुंद असे आणि फार महाग असे. कार्यक्रम दाखवून झाला की तीच फीत पुसून तिच्यावर दुसरा कार्यक्रम घेत. नटांच्या संघटनेशी झालेल्या करारामुळे जुना कार्यक्रम वाटेल तितक्या वेळा पुन्हा दाखवता येत नसे. घरोघरी फिती लावून लोक हे कधी काळी पाहतील, ही कल्पना कोणाच्या स्वप्नातही नव्हती. परदेशांना विकण्यासाठी सोळा मिलिमीटरच्या फिल्मवर प्रती काढत, तेवढ्या काही वर्षे उरल्या. विक्रीची मुदत संपली की त्याही निकालात निघत. रंगीत टेलिव्हिजन आल्यावर तर कृष्णधवल मालाला कोण विचारतो? १९७८ च्या सुमारास हे सत्र थांबले. तोवर पहिल्या सहा वर्षांच्या २५३ भागांपैकी शंभराहून अधिक भाग नाहीसे झाले होते.

मला त्या पुसणाऱ्यांचा फारसा राग आला नाही, हे मी भाच्याला सांगितले नाही. आपल्या घरी तरी काय होते? दसऱ्याच्या आधी माळा साफ करायला निघालेली गृहिणी रद्दीवाल्याला हाक मारते, आणि आजोबांनी जपलेल्या अंकांचे गठ्ठे तराजूत जातात. तिचा आजोबांशी दावा नसतो. तिला जागा हवी असते. लंडनच्या त्या कचेरीतल्या कारकुनालाही जागाच हवी होती. फरक एवढाच की, घरच्या रद्दीत गेलेला अंक दुसऱ्या कोणाच्या तरी घरी सापडतो. इथे मूळ गेले की सगळेच गेले.

पण सगळेच गेले नाही, आणि मौज तिथेच आहे. लाइम ग्रोव्हपासून वुड लेनपर्यंतचा रस्ता आम्ही चालत काढला आणि वाटेत भाच्याने मला हरवलेल्या भागांच्या शोधकथा सांगितल्या. ज्या 'टूम'साठी १९८३ मध्ये लोक हळहळले, तिचे चारही भाग १९९१ च्या अखेरीस हाँगकाँगहून परत आले. १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सरकारी दफ्तरात काही तुकडे मिळाले. तिथल्या सेन्सॉरने मुले घाबरतील म्हणून जी दृश्ये कापली, ती नियमाप्रमाणे नीट दफ्तरी लावून ठेवली होती. सबंध भाग नष्ट झाले. कापलेली दृश्ये तेवढी जिवंत राहिली! कात्रीने वाचवल्याचे दुसरे उदाहरण मला तरी ठाऊक नाही. आणि २०१३ मध्ये नायजेरियातल्या जॉस या गावच्या टेलिव्हिजन केंद्रात धूळ खात पडलेल्या डब्यांतून नऊ भाग उजेडात आल्याची बातमी फुटली. त्या शोधानंतर बेपत्ता भागांचा आकडा ९७ वर आला.

वुड लेनवर बीबीसीचे प्रसिद्ध टेलिव्हिजन सेंटर आहे. १९६० मध्ये उघडलेली ही गोलाकार इमारत वरून पाहिली तर प्रश्नचिन्हासारखी दिसते. मधल्या चौकात सूर्यदेवाचा सोनेरी पुतळा आहे. २०१३ मध्ये बीबीसीने इथला मुक्काम हलवला, आणि आता या वर्तुळात श्रीमंतांच्या सदनिका, उपाहारगृहे आणि कोवळ्या उन्हात बसायला बाके झाली आहेत. त्यांपैकी एका बाकावर बसून आम्ही सूनबाईने दिलेले थालीपीठ खाल्ले. ज्या वास्तूत डॅलेक फिरले, तिथे थालीपीठ खाणारे आम्ही पहिले नसू. पण फार नसतील.

इथे भाच्याच्या तक्रारींना खरा रंग चढला. "मामा, तुम्ही म्हणाल, भाग सापडले, तबकड्या निघाल्या, मग रडतोस का? ऐका. 'अंडरवॉटर मेनेस'चे चार भाग. दोन आहेत, दोन नाहीत. डीव्हीडी कधी येणार, कधी येणार, म्हणून आम्ही वाट पाहत राहिलो. २०१५ मध्ये आली, तर हरवलेल्या दोन भागांच्या जागी नुसती स्थिरचित्रे. २०२३ मध्ये त्याच कथेची हलत्या चित्रांची नवी आवृत्ती आली. म्हणजे पुन्हा घ्या. 'वेब ऑफ फिअर' नायजेरियात सापडली, पण तिसरा भाग सोडून. २०१४ मध्ये घेतली, त्या भागाला स्थिरचित्रे. २०२१ मध्ये तो भाग हलता करून पुन्हा काढली. पुन्हा घ्या!"

"नाही घेतली तर?"

त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की, मी थालीपीठाचा तुकडा मोडण्यात गुंतलो.

ब्लू-रेची कथा आणखी न्यारी. २०१८ पासून एकेका हंगामाचा सुरेख संच निघू लागला. पण क्रमाने नव्हे! आधी बारावा, मग एकोणिसावा, मग अठरावा, मग दहावा. फळीवर ते क्रमांकाप्रमाणे लावायचे म्हणजे मध्ये मध्ये जागा मोकळी ठेवायची. त्यामुळे कितीतरी वर्षे ती फळी दात पडणाऱ्या सहा वर्षांच्या मुलाच्या तोंडासारखी दिसत होती. शिवाय पहिल्या आवृत्त्या मोजक्या. आज चुकलात तर उद्या दुप्पट दाम मोजा. आणि २०२३ मध्ये, साठीच्या मुहूर्तावर, बीबीसीने आपल्या आयप्लेअरवर जुने-नवे आठशेहून अधिक भाग एकदम खुले केले, तेव्हा त्यात नेमकी पहिलीच कथा नव्हती! लेखकाच्या वारसाशी हक्कांविषयी एकमत झाले नव्हते. रामायण लावावे आणि बालकांड गाळावे, तसे. त्याच महिन्यात डॅलेकांची पहिली कथा रंगवून दाखवली. मूळचे सात भाग; आता पाऊण तास अधिक अर्धा, म्हणजे एकूण ७५ मिनिटे. १९८४ च्या कात्रीला चाळीस वर्षांनीही गंज चढलेला नाही, असे भाच्याचे मत पडले.

हे ऐकताना मला वाटले, हा माणूस ग्राहक म्हणून कुरकुरतो आहे. पण त्याची कुरकूर किमतीची नाही. चार वेळा पैसे मोजायला तो तयार आहे. त्याला हवे आहे ते एवढेच की, जे होते ते, होते तसे, सगळे मिळावे. आणि नेमके तेच कोणाला देता येत नाही. कारण ज्यांच्याकडे ते होते त्यांनी ते ठेवले नाही.

मग ठेवले कोणी? व्हाइट सिटीहून सेंट्रल लाइनच्या गाडीने आम्ही पाव तासात पेरिव्हेलला पोचलो. त्या प्रवासात भाच्याने जे सांगितले, ते मला सगळ्यात मोलाचे वाटते. हरवलेल्या सर्व भागांचा आवाज आज उपलब्ध आहे. तो बीबीसीने जपलेला नाही. १९६० च्या दशकात काही शाळकरी मुले आणि तरुण शनिवारी संध्याकाळी टेलिव्हिजनसमोर आपले टेपरेकॉर्डर मांडून बसत, घरच्यांना दम भरून गप्प करत, आणि भाग संपेपर्यंत श्वास रोखून ध्वनिमुद्रण करत. पुढे हेच आवाज स्वच्छ करून बीबीसीने कॅसेट आणि सीडीवर विकले; हरवलेल्या भागांची नवी हलती चित्रे रेखाटतात तीही याच आवाजांवर. १९७१ च्या 'डीमन्स' या कथेचे रंग गेले होते, नुसती कृष्णधवल फिल्म बहुतांशी उरली होती. तिला १९९२ मध्ये रंग परत मिळाले ते अमेरिकेतल्या एका घरी मुद्रित केलेल्या फितीवरून. जे मोठ्या कचेरीला सांभाळता आले नाही, ते असे बैठकीच्या खोल्यांनी सांभाळले.

पेरिव्हेलला उतरल्यावर प्रवासी लोक पाहतात ती हूवर कंपनीची १९३० च्या दशकातली पांढरीशुभ्र इमारत. आम्हीही ती पाहिली. पण आमचे दैवत पलीकडे, कारखान्यांच्या वस्तीत होते. बीबीसीचे संग्रहालय आता इथल्या एका भल्यामोठ्या गोदामात आहे. येरागबाळ्याला आत प्रवेश नाही. बाहेर कुंपण, मोटारींचा तळ, पत्र्याच्या उंच भिंती. आत मोजून-मापून राखलेल्या थंडाव्यात फिती आणि फिल्मचे डबे. आता तिथे कोणी काही पुसत नाही. आम्ही कुंपणापाशी पाच-दहा मिनिटे उभे राहिलो.

"तुझ्या त्या खोलीतली सगळ्यात मोलाची वस्तू कोणती?" मी विचारले.

तो चटकन बोलला नाही. मग म्हणाला, "नोव्हेंबर १९८१ मध्ये बीबीसीने पहिली कथा पुन्हा दाखवली होती. सलग चार संध्याकाळी, पावणेसहाच्या सुमारास. आम्हाला इथे येऊन जेमतेम चार महिने झाले होते. मला इंग्रजी येत नव्हते, शाळेत कोणी बोलत नव्हते. बाबांनी भाड्याने व्हिडिओ आणला होता. त्याला आपोआप वेळ लावायची सोय होती, पण ती बाबांना कधी जमली नाही. ते कामावरून धावत यायचे आणि कोट न काढता बटण दाबायचे. त्यामुळे चारही भागांची पहिली दोन-तीन मिनिटे नाहीत. ती फीत मी इतक्यांदा पाहिली की माझे पहिले इंग्रजी तिथलेच आहे."

वाचकहो, सेकंदासेकंदासाठी भांडणारा हा संग्राहक! तबकडीत एखादे दृश्य तोकडे निघाले तर दोन दिवस न जेवणारा! ती कथा त्याच्याकडे डीव्हीडीवर संपूर्ण आहे, धुऊनपुसून लख्ख केलेली आहे. आणि तरी त्याच्या लेखी सर्वांत मोलाची प्रत ती, जिच्यात प्रत्येक भागाचे तोंड तुटलेले आहे. आमचे मेहुणे जाऊन आता नऊ वर्षे झाली. त्यांच्या तेवढ्या धावपळीचा हिशेब त्या गहाळ मिनिटांत राहिला आहे.

परत येताना गाडीत गर्दी होती. भाचा दाराशी उभा राहून पुढच्या संचात काय काय असणार हे मला सांगत होता, आणि काय नसणार याची काळजीही आताच करत होता. रात्री जेवणे झाल्यावर त्याने ती फीत मला काढून दाखवली. लावून नव्हे, तिला यंत्रात घालायचे धाडस तो आता करत नाही. काळी, जड, कडेला झिजलेली. पाठीवर चिकटवलेल्या कागदावर निळ्या शाईत मेहुण्यांचे ते वळणदार मराठी अक्षर मी लगेच ओळखले. त्यांनी तारीख घातली होती आणि खाली, लाल पेन्सिलीने दोनदा अधोरेखित करून, दोनच शब्द लिहिले होते : 'पुसू नये'.